दुसरा शनिवार

सकाळी ६.१०

सर्व्हर रूमचं कुलूप शिपाईमामांनी आधीच उघडून ठेवलंय, एसीही लावलाय. मे महिन्यात मराठवाड्यात जे करायचं ते ऊन चढायच्या आत, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. कॉलेजला दुसऱ्या शनिवारची सुट्टी, परीक्षा आटोपलेल्या, हॉस्टेलवर प्रोजेक्टवाली पंचवीस-तीस मुलं उरलीत. त्यांच्या नेटला काल संध्याकाळीच थेट बाहेरची वाट करून दिली. म्हणजे आज दिवसभर प्रॉक्सी सर्व्हर माझ्या एकटीच्या ताब्यात.

सोमवारी खरेदी समिती बसणार आहे. तिच्यापुढे एक दरपत्रक आहे : नवा कॅशिंग प्रॉक्सी सर्व्हर, ३२ कोअर, ३२ जीबी रॅम, ४ टीबी डिस्क रेड-५ मध्ये, आणि खाली ठळक अक्षरांत 'सेकंदाला २०,००० रिक्वेस्ट'. किंमत सहा आकडी. समितीला माझ्याकडून एवढंच हवंय : घ्यायचा की नाही. गेल्या सत्रात लॅबमध्ये अपडेट सुरू झाले की सगळ्या कॉलेजचं नेट रांगायला लागायचं. त्या तक्रारींचा गठ्ठा माझ्याच टेबलावर आहे. तेव्हा 'घ्या' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण वीस हजार कसल्या रिक्वेस्ट, किती मोठ्या, कुठून दिलेल्या, याबद्दल त्या कागदावर अवाक्षर नाही.

सध्याचं यंत्र म्हणजे चार कोअरचा टॉवर, १६ जीबी रॅम, १ टीबीच्या दोन फिरत्या डिस्क, आणि त्यावर स्क्विड हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर. सात वर्षं झाली त्याला. लॅबमधून दोन पीसी उचलून आणले. एक मुलांचं सोंग घेणार, दुसरा इंटरनेटचं. मध्ये प्रॉक्सी. तिघंही वेगळ्या स्विचवर, बाहेरची केबल काढलेली. ती राहिली तर आपण प्रॉक्सी मोजतोय की त्या दिवशीचा लाइनचा मूड, काही कळत नाही.

सकाळी ७.००

यंत्राला हात लावण्याआधी लॉग. फेब्रुवारी आणि मार्चचे जपून ठेवलेत, कारण कॉलेज भरलेलं असतं ते तेव्हा. मे महिन्याचा लॉग पाहून सर्व्हर घेणं म्हणजे उन्हाळ्यात नदी पाहून पूल बांधणं.

प्रॉक्सी हा शब्द मुलांना हजेरीमुळे ठाऊक असतो. मित्र झोपलाय, त्याच्या नंबराला आपण 'प्रेझेंट' म्हणायचं, ती प्रॉक्सी. आमचा सर्व्हरही तेच करतो, फक्त राजरोस. मुलगा पान मागतो, प्रॉक्सी स्वतःच्या नावाने बाहेर जाऊन ते आणतो आणि एक प्रत मागे ठेवतो. पुढच्याने तेच मागितलं की बाहेर जायचं काम नाही. ही ठेवलेली प्रत म्हणजे कॅश.

लॉगची एक ओळ म्हणजे दहा रकाने. पहिल्यात १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद. दुसऱ्यात त्या मागणीला लागलेला वेळ, मिलिसेकंदांत. तिसऱ्यात कुणी मागितलं. चौथा रकाना माझा आवडता, सगळी कुंडली त्यात : 'हिट' म्हणजे घरातून दिलं, 'मिस' म्हणजे बाहेरून आणलं, 'टनेल' म्हणजे आत काय होतं ते प्रॉक्सीलाच माहीत नाही.

मोजलं. दर दहा ओळींतल्या नऊ टनेलच्या.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही, पण दरपत्रक लिहिणाऱ्याला वाटायला हवं होतं. वेब आता पाकीटबंद झालंय. लेट्स एन्क्रिप्टने डिसेंबर २०१५ पासून सर्वांना फुकट प्रमाणपत्रं द्यायला घेतली आणि साध्यासुध्या साइटही एचटीटीपीएसवर गेल्या. पाकीटबंद टपाल प्रॉक्सी फक्त इकडून तिकडे पोचवतो. त्याची प्रत ठेवून उपयोग नाही, पुढच्या माणसाच्या पाकिटाला वेगळं कुलूप असतं. काही ठिकाणी प्रत्येक यंत्रावर आपलं प्रमाणपत्र टाकून पाकिटं फोडतात. मी फोडत नाही. हॉस्टेलच्या मुलीचा बँकेचा पासवर्ड माझ्या यंत्रात उघडा पडावा, हे मला नको.

उरलेल्या एका हिश्शात कॅशला खरं काम आहे, आणि ते बहुतेक लिनक्स लॅबचं. आमच्या लिनक्सची पॅकेजं अजून साध्या एचटीटीपीवरून येतात. त्यांची खात्री सहीवरून पटवली जाते, म्हणून पाकिटाची गरज पडत नाही. १२० पीसी, प्रत्येकाला तेच पॅकेज. कॅशसाठी याहून सोयीचं गिऱ्हाईक नाही. तरीही या ओळींत मिसच्या खाली मिस, मिसच्या खाली मिस. डिस्क भरली असेल, असं म्हणून वहीत पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढे गेले.

सकाळी ८.३०

मामांनी पोहे आणले, वर शेव. त्यांना विचारलं, "मामा, नवा सर्व्हर घ्यावा का?" ते म्हणाले, "मॅडम, जुना बंद पडलाय का?"

स्क्विडचं वय आमच्या सेकंड इयरच्या मुलांपेक्षा जास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठात हार्वेस्ट नावाचा प्रकल्प होता. त्यातला कॅशचा भाग घेऊन ड्वेन वेसल्स यांनी तो पुढे नेला आणि जुलै १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आली. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, म्हणजे दोन्ही एकाच सुमाराची बाळं. तेव्हा मोडेमवरून एक चित्र वरून खाली ओळीओळीने उतरायचं. तेच चित्र शेजारच्याने आधी मागवून ठेवलेलं असलं तर आपल्याला चटकन मिळणार, ही कल्पना चैनीची नव्हती, गरजेची होती. दरपत्रकातली अर्धी यादी त्या काळात शोभली असती.

सकाळी ९.१५

कागद आणि कॅल्क्युलेटर. स्क्विडच्या हार्डवेअरचं पहिलं गणित सीपीयूचं नसतं, रॅमचं असतं. डिस्कवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद तो रॅममध्ये बाळगतो. ग्रंथालयाची पुस्तकं कपाटात आणि कार्डं काउंटरवर, तसं. ढोबळ हिशेब असा : ६४-बिट यंत्रावर कॅशच्या दर १ जीबी डिस्कमागे १४ एमबी रॅम नुसत्या नोंदींसाठी.

आता दरपत्रक. ४ टीबी डिस्क, म्हणजे ४,००० जीबी. गुणिले १४ एमबी. ५६ जीबी. आणि यंत्राला रॅम दिलीय ३२.

दोनदा केलं. तेवढंच आलं.

डिस्क खरोखर काठोकाठ भरली तर नोंदी रॅममध्ये मावणार नाहीत, ऑपरेटिंग सिस्टिम त्यातल्या काही डिस्कवर ढकलेल, आणि मग एखादी वस्तू आपल्याकडे आहे का, एवढं पाहायलाही डिस्क फिरवावी लागेल. स्क्विडला असं स्वॅप लागलं की तो हळू होत नाही, बसतोच. ग्रंथपालाने कार्डं गोदामात नेऊन ठेवली आणि दर वाचकामागे स्वतः गोदामापर्यंत चालत गेला, तर काउंटरवर काय होईल?

याची दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर विक्रेत्यावर अन्याय होईल. १४ एमबीच्या हिशेबात वस्तूचा सरासरी आकार १३ केबी धरलाय. म्हणजे १ जीबीत ऐंशी हजारांच्या आसपास वस्तू, दर नोंदीला सुमारे १८० बाइट. आमच्याकडे ठेवण्याजोगी वस्तू म्हणजे पॅकेजं, एकेक काही एमबीचं. वस्तूच कमी, तेव्हा नोंदीही कमी, ३२ जीबी रॅम सहज पुरेल. पण मग ४ टीबी भरायला तेवढी पॅकेजं आणायची कुठून? सगळ्या लॅबचं मिळून शंभर जीबीच्या पुढे जात नाही. पानं लहान असतील तर रॅम अपुरी, वस्तू मोठ्या असतील तर डिस्क अनाठायी. हे यंत्र जुळवताना कुणाचा लॉग समोर ठेवला होता, देव जाणे.

सकाळी १०.४०

पहिली चाचणी, आणि पहिलाच आकडा थाटाचा. ८ केबीची एक फाइल, तीच पुन्हा पुन्हा मागायची. सात वर्षांच्या म्हाताऱ्याने सेकंदाला पाच हजारांच्या वर दिल्या. लॅब असिस्टंट तोवर आला होता, जवळच राहतो, सुट्टीतही घरी करमत नाही त्याला. म्हणाला, "मॅडम, मग नव्याचे वीस हजार बरोबरच असतील." असतीलही. पण ती फाइल पहिल्याच मागणीला रॅममध्ये जाऊन बसली. त्यानंतर डिस्क हलली नाही, बाहेरचं कुणाला विचारलं नाही. आपण एका माणसाला त्याचंच नाव पाच हजार वेळा विचारलं आणि त्याच्या स्मरणशक्तीला शाबासकी दिली.

म्हणून वेगवेगळ्या फाइली मागणारी छोटी स्क्रिप्ट लावली. दर मागणीला नवी जोडणी उघडायची, काम झालं की बंद करायची. वेग चौदाशेच्या आसपास स्थिरावला आणि विसाव्या सेकंदाला एररचा पाऊस. तडक शंका प्रॉक्सीवर. पण त्याचा सीपीयू निवांत, लॉगमध्ये तक्रार नाही. एरर वाचली तर ती मुलांचं सोंग घेतलेल्या पीसीचीच होती : मागितलेला पत्ता देता येत नाही.

हा खड्डा जुना आहे, तरी दरवेळी नवा माणूस त्यात पडतो, आणि अधूनमधून मीही. जोडणी उघडताना लिनक्स आपल्या बाजूचा एक तात्पुरता पोर्ट वापरतो. ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे एकूण २८,२३२. जोडणी ज्याने आधी बंद केली त्याच्याकडे तो पोर्ट मिनिटभर राखून ठेवला जातो, वाटेत एखादं चुकार पॅकेट असेल तर गोंधळ नको म्हणून. २८,२३२ ला चौदाशेने भागा, वीस सेकंद येतात. ६० ने भागा, ४७० येतात : एका पत्त्यावरून एकाच प्रॉक्सीकडे असा मारा सतत चालू ठेवायचा तर सेकंदाला ४७० च्या वर जाताच येत नाही. मी प्रॉक्सीची दमछाक मोजायला बसले होते आणि धापा टाकत होता माझा मोजणारा पीसी. त्याला जादा पत्ते जोडून दिले, आणि जोडणी लगेच न तोडता तीच पुन्हा वापरायला सांगितली. ब्राउझर खरोखर करतात ते तेच.

दुपारी १२.४५

डबा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. बाहेर डोळे उघडवत नाहीत.

जेवताना डिस्कचं गणित असिस्टंटला तोंडी घातलं. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ४.१७. त्याआधी सुई योग्य वर्तुळावर न्यायला आठ-नऊ. एकूण १३ धर. १,००० ला १३ ने भाग.

"सत्याहत्तर."

"बास. विखुरलेल्या फाइली वाचायच्या तर अशी डिस्क सेकंदाला सत्याहत्तरच वेळा. डिस्क दोन टीबीची घेतलीस तरी सत्याहत्तर, कारण सुई एकच."

दरपत्रकात तीन डिस्क रेड-५ मध्ये आहेत. तीन मिळून वाचनं २३० च्या घरात. पण रेड-५ मध्ये एक छोटं लिखाण म्हणजे चार कामं : जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, दोन्ही नव्याने लिहा. २३० भागिले ४, साठाच्याही आत. बॅटरीवाली कॅश असलेला कंट्रोलर दिला तर जरा सुसह्य होतं, पण कागदावर तो दिसत नाही. म्हणजे छोट्या लिखाणांत तीन डिस्क मिळून एकटीपेक्षाही हळू, आणि ते कशासाठी, तर एक डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून. कॅशमधला डेटा! पुन्हा मागवता येतो म्हणूनच ज्याची आपण फक्त प्रत ठेवलीय तो. रद्दी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून वर लॉकरचं भाडं भरायचं.

दुपारी २.०५

लाइट गेली.

मिसळ चाचणी, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या मागण्या एकत्र, चालू होती. आधी तासभर कॅश भरायची, मग खरी मोजणी. भरणी संपून मोजणीची दहा मिनिटं झाली होती. यूपीएस ओरडायला लागला. तो पंधरा मिनिटं धरेल अशी समजूत होती. चौथ्या मिनिटाला सगळं काळं. मामा जेवायला घरी गेलेले, जनरेटरची किल्ली त्यांच्या कनवटीला.

अंधारात एसी बंद पडल्यावर सर्व्हर रूम किती लवकर तापते हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. आम्ही दोघं दार उघडं टाकून व्हरांड्यात बसलो.

चाचणीसाठी वापरत होते ते साधन वेब पॉलिग्राफ. ॲलेक्स रुस्कोव्ह आणि ड्वेन वेसल्स यांचं. १९९९ ते २००१ दरम्यान त्यावर कॅश बनवणाऱ्या कंपन्यांच्या चार जाहीर सामायिक चाचण्या झाल्या, त्यांना 'कॅश-ऑफ' म्हणत. सगळ्यांना तोच भार, तीच मोजपट्टी. सॉफ्टवेअरचे 'रोबो' माणसांसारखे वागतात : प्रत्येकाचा पत्ता वेगळा, काही पानं सगळ्यांच्या आवडीची, काही कुणी पुन्हा न मागणारी, आणि मागणीला चढउतार. मोजणीआधी कॅश पूर्ण भरायची सक्ती, कारण रिकाम्या डिस्कवर नुसतं लिहायचं असतं, भरल्या डिस्कवर जुनं काढून नवं लिहायचं असतं. रिकाम्या एस्टीत चढणं आणि लग्नसराईतल्या एस्टीत चढणं यात जेवढा फरक, तेवढा.

त्यांच्या तपासणीत एक कलम असंही होतं : चालू यंत्राची वीज अचानक काढायची, परत द्यायची, आणि पहिलं उत्तर किती वेळात येतं, पहिला हिट किती वेळात येतो, ते मोजायचं. अमेरिकेत त्यासाठी कुणाला तरी मुद्दाम प्लग उपटावा लागला असेल. आमच्याकडे ते कलम महावितरण घेतं, न सांगता.

२.४० ला मामा धावत आले, जनरेटर लागला. मी घड्याळ लावलं. स्क्विड उठला, लॉगमध्ये 'डर्टी' असं लिहून नोंदवही पुन्हा जुळवायला बसला. डिस्कवरच्या फाइली शाबूत होत्या, रॅममधलं सगळं पुसलं गेलेलं. उत्तरं लगेच देऊ लागला, पण हिट मिळायला वेळ लागला, कारण कपाटात काय आहे हे त्यालाच अजून कळायचं होतं. वहीत दोन वेळा टिपल्या. पुढे यूपीएसच्या बॅटऱ्या, असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी ३.३०

टनेलची चाचणी. हीच नऊ-दशांशांची बाजू, आणि हिच्यात डिस्कचा संबंध शून्य. इथे मर्यादा येते ती एकाच वेळी किती जोडण्या उघड्या राहतात याची. सेकंदाला किती येतात गुणिले प्रत्येक किती सेकंद थांबते, म्हणजे आत किती आहेत. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये याची सिद्धता दिली, पण बँकेच्या रांगेत उभा राहिलेला कुणीही हे अंदाजाने सांगेल. मार्चच्या लॉगवरून गर्दीच्या तासात सेकंदाला साधारण ६० नवे टनेल, आणि दुसऱ्या रकान्यावरून प्रत्येकाचं आयुष्य सरासरी दीड मिनिट. ६० गुणिले ९०, म्हणजे ५,४०० टनेल एकाच वेळी. प्रत्येकाला दोन टोकं, एक मुलाकडचं, एक बाहेरचं. १०,८०० फाइल डिस्क्रिप्टर.

लिनक्सने एका प्रक्रियेला मुळात परवानगी दिलेली असते १,०२४ ची. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही, सात वर्षांपूर्वी एका रात्री अकराला हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंच्या फोनवर शिकले. यंत्र धडधाकट, रॅम रिकामी, सीपीयू गार, आणि दारावर मुलींची रांग. तेव्हाच मर्यादा १६,३८४ वर नेली होती. आज दहा हजार आठशेंचा भार दिला, म्हाताऱ्याने झेलला. चारपैकी एका कोअरने निम्म्याहून कमी जोर लावला, बाकीचे तीन मांडवातल्या वऱ्हाड्यांसारखे बसून.

ते तसंच असतं. स्क्विडचं मुख्य काम एका प्रक्रियेत चालतं. २०१२ मधल्या ३.२ आवृत्तीपासून अनेक कामगार-प्रक्रिया लावता येतात, पण जुन्या पद्धतीची कॅश डिस्क त्यांना वाटून घेता येत नाही, त्यासाठी साठवणच बदलावी लागते. आमच्या भाराला चार कोअर पुष्कळ झाले. वेगवान हवेत, बत्तीस नकोत.

दुपारी ४.४०

आता फक्त लॅबचं नाटक उरलं. १२० पीसी, प्रत्येकाला त्या आठवड्याचे अपडेट, साधारण ३५० एमबी. सगळं मिळून ४२ जीबी. आमची लाइन १०० एमबीपीएस, म्हणजे प्रॉक्सीने मदत केली नाही तर पूर्ण लाइन ५६ मिनिटं याच कामात. तक्रारींचा गठ्ठा तिथला.

नाटक सुरू केलं आणि लॉग पाहत बसले. पहिला पीसी : मिस. बरोबर. दुसरा पीसी, तेच पॅकेज : मिस. तिसरा : मिस. छोट्या पॅकेजांना हिट मिळत होते, मोठ्यांना नाही. डिस्क भरली असेल म्हणावं तर ती एक-तृतीयांश रिकामी. सकाळचं पेन्सिलचं प्रश्नचिन्ह आठवलं.

असिस्टंटला म्हटलं, "अरे, कॉन्फिगची फाइल उघड आणि मोठ्याने वाच." सात वर्षांत त्या फाइलकडे मी नेमकं काय बघत होते कोण जाणे, डोळे सरावले की वाचत नाहीत. तो वाचत गेला. पोर्ट ३१२८. कोणाला परवानगी, कोणाला नाही. मग कॅशच्या डिरेक्टरीची ओळ. त्याच्या खाली, "मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइझ, ५१२ एमबी."

"थांब. कुठे आहे ती?"

"कॅशच्या डिरेक्टरीच्या खाली, मॅडम."

स्क्विड मोठ्यात मोठी किती आकाराची वस्तू ठेवील, हे ती ओळ सांगते. न सांगितल्यास ४ एमबी. आमच्या ३.५ आवृत्तीत ही मर्यादा कॅशच्या डिरेक्टरीला लागू व्हायची तर ती तिच्या वर लिहावी लागते. डिरेक्टरीची ओळ वाचताना तोवर जे ठरलंय तेच ती घेते. माझी ओळ खाली होती. म्हणजे ५१२ एमबी लिहूनही डिस्क ४ एमबीवरच अडलेली. ४ एमबीपेक्षा मोठं प्रत्येक पॅकेज दर पीसीसाठी नव्याने बाहेरून येत होतं. फर्मवेअरचं एक पॅकेज एकटंच दोनशे एमबीच्या पुढे जातं, तेही एकशेवीस वेळा. एररही नाही, कारण फाइलीत चूक अशी काही नव्हतीच. ती ओळ मी लिहिलेली. खाली तारीख आहे, आद्याक्षरं आहेत.

असिस्टंट माझ्याकडे बघेना. चांगल्या घरातला मुलगा आहे.

ओळ कापली, वर चिकटवली, स्क्विड पुन्हा सुरू केला, नाटक पहिल्यापासून. पहिला पीसी : मिस. दुसरा : हिट. तिसरा : हिट. मग स्क्रीनवर हिटच हिट सरकत राहिले. एक गोष्ट असिस्टंटने दाखवली : डिस्कचा लाल दिवा सुरुवातीला लुकलुकला आणि नंतर शांत झाला. ३५० एमबी ही सोळा जीबीच्या यंत्राला चिल्लर. पहिल्यांदा लिहितानाच लिनक्सने ते रॅममध्ये धरून ठेवलं, पुढच्यांना तिथूनच दिलं. सत्याहत्तरचा हिशेब इथे लागूच पडला नाही. आता अडवत होतं ते १ जीबीपीएसचं नेटवर्क कार्ड. त्यातून सेकंदाला ११८ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे ४२ जीबीला जेमतेम सहा मिनिटं. प्रत्यक्षात सातच्या थोडं वर लागली.

संध्याकाळी ६.००

मिसळ चाचणी पुन्हा, या वेळी न तुटता. निकाल लिहिताना सरासरी लिहीत नाही. शंभरातल्या पंच्याण्णवांना २० मिलिसेकंदांत उत्तर मिळालं आणि पाचांना ३ सेकंद लागले, तर सरासरी निघते १६९ मिलिसेकंद. तेवढा वेळ शंभरातल्या एकालाही लागलेला नसतो. आणि तक्रार घेऊन येतात ते पाचच. म्हणून मधला आकडा वेगळा, पंच्याण्णवावा वेगळा, आणि दोन्हींपुढे हे लिहिलं : कॅश भरलेली होती, फाइली वेगवेगळ्या होत्या, भार मार्चचा होता.

केबल होती तिथे लावली. पीसी लॅबमध्ये गेले. हॉस्टेलच्या मुलांना परत प्रॉक्सीवर घेतलं. दोन मिनिटांत एकाचा मेसेज आला, 'मॅडम नेट स्लो झालं का?' नव्हतं झालं.

संध्याकाळी ७.१५

टिपणी टाइप करून प्राचार्य सरांना मेल केली. मा. खरेदी समितीच्या विचारार्थ सादर. नवीन सर्व्हर : आवश्यकता नाही. रॅम : आहे ती पुरेशी. डिस्क सात वर्षांच्या झाल्या, त्या बदलून ५०० जीबी एसएसडी, नग दोन, रेडविना. यूपीएस बॅटऱ्या, संच एक, तातडीने. लॅबचं नेट मंदावण्याचं कारण : कॉन्फिगरेशन फाइलमधील एक ओळ चुकीच्या जागी, लिहिणारी अधोस्वाक्षरीकार. आज दुरुस्त केली. खर्च : निरंक.